आबांच्या ताटातला घास

आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी फुंकणी फिरते. चुलीची फुंकणी नव्हे. चूल सासूबाई होत्या तोवर होती, आता तिच्या जागी पाणी गाळायचं यंत्र उभं आहे. ही फुंकणी म्हणजे बोटभर लांबीची पांढरी नळी. तोंडात धरून सावकाश फुंकायचं. पोटातले पाहुणे जिवंत असतील तर टोकाचा दिवा निळा होतो, नसतील तर राखेच्या रंगाचा. तिचं दवाखान्यातलं नाव सांगत बसलं तर चहा निवतो, म्हणून धैर्यशीलने, माझ्या नवऱ्याने, फुंकणी म्हटलं आणि तेच घरात रुळलं.

त्या सोमवारी त्याने फुंकलं, निळी. मी फुंकलं, निळी. मग आमची राजनंदिनी, घरातली राजी. अकरा वर्षांची पोर, पण अंगाने माझ्या वरताण. तिने गाल फुगवून जीव तोडून फुंकलं. राख.

"परत फुंक," मी म्हटलं.

"फुंकलं की गं."

"सावकाश. वाढदिवसाची मेणबत्ती नाही ती."

तिने परत फुंकलं. राखच. नळी टेबलावर ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली.

"आई, परत मेले का ते? मी काहीच खाल्लं नाही गं. देवाशपथ."

मला तिचा राग आला असता तर बरं झालं असतं. सहा महिन्यांत दुसऱ्यांदा पाहुणे दगावले होते आणि चूक आपलीच आहे असं त्या पोरीने धरून ठेवलं होतं.

या पाहुण्यांची हकीकत आधी सांगायला हवी. मी पलूसच्या शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे दोन मिनिटं फळ्यासमोर बसल्यासारखं वाटेल. सहन करा.

दोन वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार एक्केचाळीस साली, शाळेत मुलांच्या पोटाची तपासणी झाली आणि निम्म्या वर्गाच्या यकृतावर चरबी निघाली. नवल वाटायचं कारण नव्हतं. सकाळी दहापासून ऊन उतरेपर्यंत मैदान बंद, बिनचालकाची रिक्षा दारातून उचलते आणि वर्गाच्या पायरीशी सोडते, आणि आठवड्यातले तीन दिवस शाळा भिंतीवरच्या पडद्यावर भरते. आपण जे गोड आणि पिठूळ खातो त्याची साखर आतड्यातून आधी यकृताकडे जाते. लागेल तेवढी ते पुढे पाठवतं आणि उरलेल्या साखरेची चरबी करून ठेवतं, उद्या उपयोगी पडेल म्हणून. तो उद्या येतच नाही, कारण पोरं हलतच नाहीत. राजीच्या बाबतीत प्रकरण चरबीपुढे गेलं होतं. यकृताला सूज होती आणि आत बारीक धाग्यांचं जाळं धरायला लागलं होतं.

"यकृत मोठ्या मनाचं असतं," मिरजेच्या मुलांच्या दवाखान्यातल्या डॉ. नसीमा मुजावर म्हणाल्या होत्या. "लहान मुलाचं तर फारच. अजून सगळं माफ करेल. पण जाळं घट्ट झालं की माफी संपली."

खाणं बदलणं आणि रोज घाम गाळणं, हा उपाय जुनाच होता आणि खराही. पण राजीकडे वेळ कमी होता, म्हणून त्याच्या जोडीला पाहुणे. पाहुणे म्हणजे जिवाणू. कष्टकरी माणसांच्या आतड्यांत शास्त्रज्ञांना ते सापडले. आपण दमतो तेव्हा हातपाय भरून येतात, स्नायूंत एक आम्ल तयार होतं, ते रक्तातून आतड्यातही उतरतं. हे जिवाणू त्या आम्लावर जगतात. बदल्यात असे रस सोडतात की यकृत साठवलेली चरबी बाहेर काढून जाळायला लागतं. शास्त्रज्ञांनी त्यांना थोडं शिकवून तयार केलं, जास्तीची साखर वाटेतच गिळायला लावली, आणि श्वासातून ओळखता येईल असा एक वायू सोडायला लावलं. तोच वायू फुंकणी ओळखते. एक अट मात्र कुणालाच शिकवून घालवता आली नाही. मेहनत बंद झाली की पाहुण्यांचं जेवण बंद, आणि चार-सहा दिवसांत ते मरतात.

दुसरी अट आणखी अवघड होती. एका घरात राहणाऱ्या माणसांच्या पोटातले जिवाणू एकमेकांत मिसळत असतात. एका ताटात जेवणं, उष्टं पाणी पिणं, पोराचा मुका घेणं, या सगळ्यातून ते ये-जा करतात. घरातलं एक माणूस जरी पाहुण्यांशिवाय राहिलं तर त्याच्या पोटातले जुने जिवाणू येऊन मुलाच्या पोटातल्या नव्यांना हुसकून लावतात. म्हणून डॉक्टर मुलाला औषध देत नाहीत, घराला देतात.

"घरात कोणकोण आहे?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"आम्ही तिघं," धैर्यशील म्हणाला होता. "आणि वडील. पण त्यांचं वेगळं असतं."

मीही मान हलवली. खोटं काहीच नव्हतं त्यात. आमच्याकडे आबांचं सगळंच वेगळं असतं.

आबा म्हणजे महिपती पैलवान. सत्तरी ओलांडली, पण अजून गावात कुणी त्यांना पैलवान म्हटल्याशिवाय हाक मारत नाही. ऐन उमेदीत एका कुस्तीत डावा गुडघा निखळला आणि त्यानंतर ते मातीत उतरले नाहीत. घराच्या पुढच्या सोप्यातल्या कॉटवर त्यांची बैठक, त्यांचं पितळी ताट वेगळं, जेवायची वेळ वेगळी, दुधाचा गॅस वेगळा. त्यांना कुणी काही सांगायचं नाही, हा घरातला कायदा मी लग्न होऊन आले तेव्हाही होता. त्यांना लहान पोरासारखं रोज नळीत फुंकायला लावायचं, ही गोष्ट आमच्या दोघांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

तर त्या सोमवारी राजी शाळेत गेली आणि आमचं भांडण जुंपलं.

"तू चार्जिंगवर काय खातोस ते मला माहीत आहे," मी म्हटलं. धैर्यशीलचं ट्रॅक्टर चार्जिंगचं केंद्र आहे आणि ट्रॅक्टर भरेपर्यंत थांबलेल्या लोकांसाठी शेजारी भज्यांची गाडी.

"अगं, माझी निळी आली की! भजी खाल्ली असती, चाललो नसतो, तर आली असती का? तुझ्या शाळेतले पेढे बघ आधी."

"माझीपण निळीच आली."

भांडण तिथेच अडलं, कारण दोघांचंही म्हणणं खरं होतं. कित्येक महिने झाले, आम्ही रोज पहाटे राजीला घेऊन कालव्यापर्यंत चालत होतो. साखर घरातून हद्दपार केली होती. पडद्यासमोर जेवणं बंद केलं होतं. तरी पोरीची फुंकणी राख. आणि त्या संध्याकाळी मला दिसलं की राजी आपल्या ताटातली अर्धी भाकरी परत टोपल्यात ठेवतेय. कुणी सांगितलं नव्हतं. तिने स्वतःला शिक्षा करून घेतली होती.

बुधवारी आम्ही मिरज गाठली.

डॉ. मुजावर बाई एरवी हसत बोलतात. त्या दिवशी पडद्यावरचं बघून त्यांनी चष्मा काढला आणि परत घातला.

"हिच्या पोटात जुने जिवाणू परत माजलेत," त्या म्हणाल्या. "पण गंमत बघा, ते हिचे नाहीत. तुमचे नाहीत, यांचेही नाहीत. प्रत्येकाच्या जिवाणूंची ठेवण वेगळी असते, चेहऱ्यासारखी. हे चौथ्याच माणसाचे आहेत आणि ते रोज येतायत. राजनंदिनी, तू रोज कुणाच्या ताटातलं खातेस?"

"आबांच्या!" राजी अभिमानाने म्हणाली. "मला घास असतो ना."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धैर्यशील छताकडे बघायला लागला.

"आबा कोण?"

"माझे वडील," तो म्हणाला.

"तुम्ही तर म्हणालात त्यांचं वेगळं असतं. वेगळं म्हणजे? दुसऱ्या गावात?"

"सोप्यात."

बाईंनी हसू दाबलं, ते मला दिसलं. मग मी त्यांना घासाची गोष्ट सांगितली. आबा तालमीत होते तेव्हा त्यांचे वस्ताद, म्हणजे कुस्ती शिकवणारे गुरू, जेवण संपता संपता आपल्या ताटातला शेवटचा घास मोडून एकाच पठ्ठ्याला द्यायचे. त्या घासातून ताकद उतरते असं मानायचे. तो घास मिळवायला पोरं जिवाचं रान करायची, आणि आबांना तो सलग कित्येक वर्षं मिळाला. राजीला दात आले तसा आबांनी तिला तो सुरू केला. भाकरीचा तुकडा, त्यावर लोण्याचा गोळा, आणि मागून त्यांच्या हातची तूप घातलेली बदामाची थंडाई. पैलवानाचा खुराक तो. आम्ही स्वयंपाकघरातली साखर हद्दपार केली, पण सोप्यातून रोज काय येतंय ते मोजायची छाती आम्हा दोघांनाही झाली नव्हती. आबांच्या हातचं म्हणजे प्रसाद, तो खाण्यात धरायचाच नाही, असं आम्ही मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

"खुराक आहे, आणि तालीम नाही," बाई हळूच म्हणाल्या. मग त्या सरळ बोलल्या. "आता नीट ऐका. शरीर दोनदा फसलेल्या पाहुण्यांना ओळखायला शिकतं. तिसऱ्यांदा देता येतील. चौथ्यांदा शरीरच त्यांना मारेल. म्हणजे ही शेवटची संधी. जाळं मागच्या वेळेपेक्षा दाट दिसतंय. एक तर आबांचा घास बंद करा, नाहीतर आबांनाही पाहुणे द्या. आणि पाहुणे घेतले की घाम गाळणं आलंच, वयाची सूट नाही."

परत येताना गाडीत राजी झोपली. धैर्यशील म्हणाला, "तू सांग त्यांना. तुझं ऐकतात ते."

"माझं? तुझे वडील आहेत ना?"

"म्हणूनच."

कुस्तीगिराचा मुलगा आणि असा मैदान सोडून पळालेला! पण मला त्याचं भय कळत होतं. त्याने वडिलांना आयुष्यात एकदाही 'नको' म्हटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सोप्यात गेले. आबा खलबत्त्यात बदाम कुटत होते, राजी शाळेतून यायची वेळ झाली होती.

"ये सूनबाई. बस."

मी बसले आणि सगळं सांगितलं. यकृत, जाळं, पाहुणे, घास. मध्ये थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं, म्हणून थांबले नाही. आबांचा हात खलबत्त्यावर तसाच राहिला.

"पैलवानाच्या नातीला माझ्या घासानं बाधा हुतीय?" ते म्हणाले.

"घासाने नाही, आबा. घासातून जे जातं त्याने."

"एकच झालं की." त्यांनी कुटलेले बदाम वाटीत काढले, वाटीवर झाकण ठेवलं. "बरं. कळलं."

एवढंच बोलले. ओरडले असते तर मी सोसलं असतं.

त्या दिवसापासून आबांनी सोप्यात जेवणं सोडलं. मागच्या रिकाम्या गोठ्यात ताट घेऊन बसायला लागले. राजी पहिल्या दिवशी नेहमीसारखी त्यांच्या मागे गेली आणि लगेच परत आली.

"आई, आबांनी माझ्याकडं पाठ केली."

"अगं, त्यांचं काही..."

"पाठ केली आणि म्हणाले, जा, माझ्या ताटात काय न्हाई तुला." ती माझ्या कमरेला मिठी मारून हमसून हमसून रडली. मीही रडले. पाहुणे गेले तेव्हा नव्हतं एवढं वाईट वाटलं. यकृत वाचवायचं म्हणून मी पोरीचा आजोबा काढून घेतला होता, आणि म्हाताऱ्या माणसाचं तर सगळंच काढून घेतलं होतं.

चालायला यायला राजी आता कुरकुर करायला लागली. ताटावर बसली की गोठ्याच्या दाराकडे बघायची. तिसरा डोस द्यायची तारीख जवळ येत होती आणि घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

मग एका सकाळी आबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. डोक्याला कोल्हापुरी फेटा, अंगात इस्त्रीचा नेहरू शर्ट. लग्नाला निघाल्यासारखे.

"सूनबाई, मला त्या डॉक्टरीणबाईकडं ने."

"कशाला, आबा?"

"इचारायचं हाय एक."

मी शाळेत रजा टाकली. धैर्यशील म्हणाला मीपण येतो, तर आबा म्हणाले, "तू ट्रॅक्टर भर."

डॉ. मुजावरांनी खुर्ची दिली, पण आबा बसले नाहीत.

"बाई, माझा एक सवाल हाय. वस्तादांच्या ताटातला घास मी लई वर्सं खाल्ला. मला बाधा न्हाई झाली. उलट अंगात वारं भरल्यागत व्हायचं. मग माझ्या घासानंच पोरीला का बाधावं? माझ्या हाताला काय रोग हाय का?"

बाईंनी विचारलं, "तुमचे वस्ताद काय करायचे दिवसभर?"

"काय करायचं म्हंजे? कोंबडं आरवायच्या आत उठायचं. हौद्यातली माती उकरायचं. जोर, बैठका. आमच्यासंगं लढायचं. सत्तरीतबी माती उकरायला पोरांच्या आधी उभं असायचं. म्हणायचं, मी घाम गाळल्याबिगर माझ्या ताटातला घास तुमास्नी द्यायचा मला अधिकार न्हाई."

"आबा," बाई म्हणाल्या, "तुमच्या वस्तादांचं बरोबर होतं. घासातून उतरतंच. आता आम्हाला ते यंत्रात दिसतं. मेहनतीवर जगणारे जिवाणू त्यांच्या पोटात असणार, तेच तुमच्यात उतरले. पण ते माणूस राबतं तोवरच राहतात."

आबा आता खुर्चीत बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला.

"म्हंजे गुडघा गेल्यापासनं मी रिकामा घास देत हुतो पोरीला."

"रिकामा नव्हता," मी मध्येच बोलले. "आबा, त्यात माया होतीच की."

"मायेनं काय हुतंय, सूनबाई. वस्तादांचीबी हुतीच." ते बाईंकडे वळले. "मलाबी द्या ते पावणे. पर माझा गुडघा चालंना. पळाया-बिळाया सांगू नका."

"पळायचं नाही. कुठलेही मोठे स्नायू दमले की झालं. हात, खांदे, पाठ. आधी तुमचं हृदय तपासू, रक्तदाब बघू, मग किती आणि कसं ते मी सांगते. आणि खुराक?"

आबा पहिल्यांदा हसले. "खुराक मेहनतीच्या मागनं. ही तर तालमीतली पयली शिकवण. मीच इसरलो."

आमच्या परसात पत्र्याखाली एक खोलगट चौकोन आहे. आबांचा जुना हौदा. कुस्तीची तांबडी माती भरलेला तो खड्डा धैर्यशीलने कधीचाच झाकून त्यावर ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटऱ्या रचल्या होत्या. आम्ही मिरजेहून आलो त्या संध्याकाळी आबांनी त्याला बोलावलं आणि म्हणाले, "ह्या पेट्या हलीव."

"आबा, कुठं ठेवू?"

"तुझ्या डोस्क्यावर ठेव. पर हलीव."

माती दगडासारखी झाली होती. तालमीची माती रोज उकरावी लागते, मऊ राहावी म्हणून. आबा कमी उंचीच्या स्टुलावर बसले, आखूड दांड्याचं फावडं घेतलं आणि बसल्या बसल्या, नुसत्या खांद्यांच्या जोरावर, ढेकळं फोडायला लागले. दोन-चार घावांत धाप लागली. थांबले, परत सुरू केलं. राजी कट्ट्यावर बसून बघत होती. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलली नव्हती.

"पैलवान," आबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "त्या कोपऱ्यातली माती कोण उकरायचं? तुझा बाप? त्यो तर बॅटरीवर चालतोय."

राजीने हसू आवरायचा प्रयत्न केला, जमलं नाही. ती उठली, दुसरं फावडं घेतलं आणि कोपऱ्यात भिडली.

कालव्यापर्यंत चालायला जी पोरगी कुरकुरायची, तिला मातीतून बाहेर काढणं अवघड झालं. उकरायचं, फळीने ओढून सपाट करायचं, ताक आणि हळद शिंपडून मळायचं, मग त्यात लोळायचं, कोलांट्या मारायच्या. ऊन चढायच्या आत आम्ही चौघंही परसात असायचो. आबा भिंतीला हात टेकून उभ्यानेच जोर मारायचे आणि आम्हाला जमिनीवर मारायला लावायचे. धैर्यशीलचे हात लटलट कापायचे. "आवाज कशाचा येतोय? हाडं वाजत्यात व्हय?" आबा विचारायचे. माझ्याकडे बघून मात्र काही बोलायचे नाहीत. मी सून. पण मी चुकले की राजीला मुद्दाम मोठ्याने तेच शिकवायचे, मला ऐकू जाईल असं.

ताटंही बदलली. थंडाईतलं तूप गेलं. बदाम राहिले, ते मूठभर नाही, मोजके, आणि मातीतून बाहेर आल्यावरच. उसळी, पालेभाज्या, ज्वारी, ताक. पाकिटातलं खाणं आणायला आता धैर्यशीलच धजत नव्हता, कारण आबा त्याच्या हातातल्या पिशवीकडे बघायचे.

तिसरा डोस आम्ही चौघांनी एका ओळीत बसून घेतला. घोटभर आंबट पाणी. आबांनी पेला कपाळाला लावून घेतला.

दहा-बारा दिवसांत आमच्याबरोबर राजीची फुंकणीही निळी झाली. राजीने तर स्वयंपाकघरातून अंगणापर्यंत आरोळी ठोकली. मग आबांनी नळी हातात घेतली, इकडून तिकडून पाहिली आणि फुंकली. राख.

"वयस्कर पोट हट्टी असतं," डॉ. मुजावर पडद्यावरून म्हणाल्या. "जुने जिवाणू जागा सोडत नाहीत. वेळ लागेल."

"मालकासारकंच हाय म्हणायचं," आबा म्हणाले आणि उठून गोठ्यात ताट घेऊन गेले.

आता पाठ करायचे नाहीत ते. राजी दारात बसायची, दोघं गप्पा मारत जेवायचे, पण मध्ये उंबरा. ताटातलं काही इकडचं तिकडे व्हायचं नाही. ती कधी कधी हात पुढे करून बघायची. आबा मान हलवायचे.

"रिकामा घास न्हाई द्यायचा, पैलवान. निळी येऊ दे."

रोज सकाळी फुंकणी. रोज राख. आबांनी फावडं सोडलं नाही. एकदा मी चहा द्यायला परसात गेले तर ते स्टुलावर एकटेच बसले होते, घामाने सदरा पाठीला चिकटलेला.

"सूनबाई, माझ्यानं न्हाई झालं तर?"

"म्हणजे?"

"तर मी तुझ्या दिराकडं जाईन ऱ्हायला सांगलीला. पोरीच्या पोटात माझं काय जायला नगं. माझ्यापायी तिचं पावणे गेलं तर मी तोंड कुटं दाखवू?"

"तुम्ही कुठेही जाणार नाही," मी म्हटलं. सासऱ्यांशी असं बोलायची रीत नाही आमच्यात, पण बोलले. "तुम्ही गेलात तर ती फावडं हातात धरणार नाही. मग पाहुणे उपाशी मरतील ते वेगळंच."

आबांनी चहा घेतला, बिनसाखरेचा, तोंड वाकडं करून.

दिवाळीनंतर राजीची मोठी तपासणी झाली. मी आणि धैर्यशील बाकावर एकमेकांचा हात धरून बसलो होतो, लग्नातसुद्धा इतका घट्ट धरला नव्हता. डॉ. मुजावर बाहेर आल्या.

"चरबी उतरलीय. सूज गेलीय. आणि जाळं..." त्यांनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. पहिल्यातले दाट धागे दुसऱ्यात विरळ झाले होते, काही ठिकाणी तर नव्हतेच. "बघा, माफ करतंय. असंच चालू ठेवा. थांबवू नका मात्र."

धैर्यशील तिथेच डोळे पुसायला लागला. मी त्याला कोपराने ढोसलं आणि स्वतःच रडायला लागले. राजी आम्हा दोघांकडे बघून म्हणाली, "आता मी आबांचा घास खाऊ शकते?"

घरी येऊन तिने आबांना ते सांगितलं. त्यांनी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिले, पण घासाचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फुंकणी पुन्हा फिरली. धैर्यशील, निळी. मी, निळी. राजी, निळी. आबांनी नळी घेतली. रोजची सवय म्हणून फुंकली आणि न बघताच टेबलावर ठेवून चपला शोधायला लागले.

"आबा," राजी म्हणाली.

"काय?"

"आबा, बघा की."

दिवा निळा होता. फिकट, आमच्यासारखा ठसठशीत नव्हे, पण निळा. आबांनी नळी उचलली, डोळ्यांजवळ नेली, सदऱ्याने पुसली आणि परत फुंकली. निळीच. मग ते तसेच खाली, जमिनीवर, गुडघ्याची पर्वा न करता बसले आणि फेटा नसलेल्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून लहान पोरासारखे रडले. त्यांना रडताना धैर्यशीलनेसुद्धा पहिल्यांदा पाहिलं.

त्या दुपारी पितळी ताट गोठ्यातून स्वयंपाकघरात आलं. सोप्यातही नाही, स्वयंपाकघरात, आमच्या पंगतीला. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, मुगाचं वरण. आबा सावकाश जेवले. राजीने आपलं ताट केव्हाच संपवलं होतं आणि ती त्यांच्या बोटांकडे बघत होती. शेवटी त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, त्यात भाजी धरली आणि हात पुढे केला.

"घे, पैलवान. आता भरल्याला हाय."

राजीने डोळे मिटून घास चावला. मग एक डोळा उघडला.

"लोणी नाही?"

"मेहनतीच्या मागनं."

आम्ही हसत होतो, तेवढ्यात आबांनी दुसरा तुकडा मोडला. मला वाटलं स्वतःसाठी. पण तो हात माझ्यासमोर येऊन थांबला.

"सूनबाई, ह्यो तुझा."

"मला?" आमच्या घरात सासऱ्याच्या ताटातला घास सुनेला गेल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

"ह्या घरात मला खरं सांगायची छाती एकट्या तुला झाली. तवा मी तुझ्यावर रागावलो हुतो. घे."

मी तोंड पुढे केलं. भाजीत मीठ थोडं कमी होतं, मीच केली होती. घास गिळताना मला हुंदका आवरेना आणि राजी माझी पाठ थोपटत होती.

"आबा," पलीकडून धैर्यशील म्हणाला, "मला?"

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग ताटात उरलेल्या शेवटच्या तुकड्याकडे.

"तू आधी वडलांना 'नको' म्हणायला शीक," ते म्हणाले, आणि तो तुकडा त्याच्या तोंडात घातला.